सकाळची शाळा, लंडनचं घड्याळ आणि पोरांची झोप

मार्चचा शेवटचा रविवार. ताईचा फोन लंडनहून दर रविवारी आपल्या दुपारी दीड वाजता येतो, तेव्हा तिकडे सकाळचे आठ झालेले असतात. त्या दिवशी तो साडेबारालाच वाजला. आई मागीलदारी कोळंबी सोलत बसली होती, ती तशीच ओल्या हातांनी धावत आली. अवेळी फोन म्हटला की आमच्याकडे पहिली शंका वाईटच येते. ताई म्हणाली, "अगं आई, काही झालं नाहीये. रात्री आमच्याकडची घड्याळं एक तास पुढे गेली, एवढंच."

खरा प्रश्न त्या रात्री सुरू झाला. माझा भाचा चार वर्षांचा. साडेसातला निजणारं पोर साडेआठ वाजले तरी टक्क जागं. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी काही केल्या उठेना, उठवलं तर रडून घर डोक्यावर घेतलं. ताईचा मेसेज आला, "तू शाळेत एवढी मुलं सांभाळतेस, सांग ना मी काय करू?"

मी कोकणात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. आणि त्याच आठवड्यात माझ्यासमोर तेच चाललं होतं. त्या वर्षी शिमगा मार्चच्या अखेरीस आला होता. पालखी वाडीवाडीत फिरली, रात्री नमन-खेळे रंगले, पोरं बारा-एकपर्यंत जागली. तो जागर उतरतो न उतरतो तोच सकाळची शाळा. एरवी साडेदहाला भरणारी शाळा उन्हामुळे साडेसातला भरते. पहिल्याच दिवशी दुसरीतला एक मुलगा पाटीवर "म" गिरवता गिरवता झोपला. हातात पेन्सिल तशीच, आणि शेवटच्या "म"ची दांडी पाटीच्या कडेपर्यंत ओघळत गेलेली. मी त्याला उठवलं नाही. सात वर्षांच्या मुलाला झोप लागली तर त्यात शिस्त मोडण्यासारखं काय आहे?

आपल्याकडे घड्याळ बदलत नाही म्हणतात ते खरं, पण मुलांची वेळ मात्र बदलते. सकाळची शाळा, गणपतीतल्या रात्रीच्या आरत्या आणि भजनं, मे महिन्याची सुट्टी संपून जूनला उघडणारी शाळा. म्हणून ताईला जे सांगितलं, ते इथल्या आयांनाही सांगायला हवं असं वाटलं.

आधी तिकडच्या घड्याळाचं. ब्रिटन आणि युरोपातल्या बहुतेक देशांत मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे. अमेरिकेत हेच मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतं, पण हवाई आणि ॲरिझोनाच्या बहुतेक भागात नाही. उन्हाळ्यात तिथे सूर्य फार लवकर उगवतो, तेव्हा लोक झोपलेले असतात. तो उजेड वाया जाण्याऐवजी संध्याकाळी मिळावा, हा त्यामागचा विचार. १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, आधी जर्मनीने आणि काही आठवड्यांत ब्रिटनने हे सुरू केलं. आपल्याकडेही दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, घड्याळं तासभर पुढे होती. आता नाहीत, आणि आपल्याला त्याची गरजही नाही. लंडनला जूनचा दिवस साडेसोळा तासांचा आणि डिसेंबरचा जेमतेम आठ तासांचा. रत्नागिरीला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत फरक साधारण दोनच तासांचा.

पण कोकणातल्या आईबापांनी एक गोष्ट नक्की जाणून घ्यावी. आपलं घड्याळ आणि आपला सूर्य यांचा मेळ वर्षभर बसत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते, तो मिर्झापूरजवळून जातो. आपण किनाऱ्यावर, ७३ अंशांच्या किंचित पुढे. सूर्याला एक अंश सरकायला ४ मिनिटं लागतात, म्हणजे आपल्याकडे सूर्य घड्याळापेक्षा सरासरी ३७ मिनिटं मागे चालतो. ऐन दुपार, सूर्य डोक्यावर येण्याची वेळ, बाराला होत नाही, बहुतेक दिवस साडेबारा उलटून गेल्यावर होते. मुंबईने तर १९०६ साली देशाची वेळ ठरल्यावरही बरीच वर्षं, १९५५ पर्यंत, स्वतःची वेगळी वेळ ठेवली होती, आणि ती ३९ मिनिटं मागेच होती.

याचा झोपेशी काय संबंध? मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने भारतातल्या मुलांच्या झोपेचा आणि सूर्यास्ताच्या वेळेचा हिशेब मांडला आहे. जिथे सूर्य घड्याळाच्या मानाने उशिरा मावळतो, तिथे मुलं उशिरा झोपतात. शाळा मात्र घड्याळाप्रमाणेच भरते, त्यामुळे उठण्याची वेळ तीच राहते. मधल्यामध्ये झोप कापली जाते. तासभर उशिरा सूर्यास्त म्हणजे साधारण अर्धा तास कमी झोप, असं त्यांना आढळलं. आपण पश्चिम किनाऱ्यावरचे, म्हणजे नुकसान सोसणाऱ्यांच्या बाजूचे. आमच्या शाळेतली मुलं आळशी नाहीत हे मला नेहमी वाटायचं, हे वाचल्यावर त्याला आधार मिळाला.

आता शरीरात काय चालतं ते पाहू. माझे आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचे. चतुर्थी असली की चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. याचाच अर्थ भरती रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा येते. आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक बारीक पुंजका आहे. तेच शरीराचं मुख्य घड्याळ. त्याचा दिवस बहुतेकांमध्ये २४ तासांहून किंचित मोठा असतो, काही मिनिटांनी. म्हणजे या घड्याळाला मोकळं सोडलं तर तेही भरतीसारखं रोज थोडं उशिराकडेच सरकतं. शिमग्यात पोराला तीन रात्रींत बारापर्यंत जागायची सवय लागते आणि ती मोडायला दहा दिवस लागतात, त्याचं कारण हे. उशिराकडे वाहत जाणं सोपं असतं. लवकरकडे यायचं तर ओहोटीविरुद्ध होडी वल्हवावी लागते.

भरतीला कोणी थोपवू शकत नाही, पण या घड्याळाला रोज जागेवर आणणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे उजेड. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचं मुख्य काम चित्र दाखवण्याचं नाही. त्या उजेड किती आहे एवढं मोजून मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. सकाळचा उजेड घड्याळाला लवकरकडे ओढतो, रात्रीचा उजेड उशिराकडे ढकलतो. बाकी सगळं विसरलात तरी हे एक वाक्य लक्षात ठेवा, त्यावरून उरलेलं सुचत जातं.

अंधार पडला की मेंदूतली एक लहान ग्रंथी मेलाटोनिन नावाचं द्रव्य सोडायला लागते. रात्र झाली, असा निरोप त्याने सगळ्या शरीराला पोचतो. डोळ्यांवर झगझगीत उजेड पडला की ते दबतं, आणि लहान मुलांमध्ये मोठ्यांपेक्षा जास्त दबतं. त्यांच्या डोळ्याची बाहुली मोठी असते आणि भिंग स्वच्छ असतं, त्यामुळे आत उजेड अधिक शिरतो. आपण रात्री दहाला ट्यूबलाइटखाली बसून पेंगतो आणि शेजारी पोर उड्या मारत असतं, याचा काही वाटा इथे आहे.

दुसरी गोष्ट झोपेचा साठा. माणूस जागा असतो तेवढा वेळ मेंदूत ॲडेनोसिन साठत जातं आणि झोपेची ओढ वाढत जाते. झोपलं की साठा उतरतो. चांगली झोप लागायला घड्याळ आणि साठा, दोघांनी एकाच वेळी होकार द्यावा लागतो.

आणि तिसरी, जी आयांना कोणी सांगत नाही. नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास शरीर मंदावत नाही, उलट चांगलंच तरतरीत होतं. दिवसाचा शेवटचा टप्पा ओढून नेण्यासाठी जागेपणाला एक उधाण येतं. दहाला झोपणाऱ्या मुलाला "उद्यापासून सकाळची शाळा, चल झोप" म्हणून आठला अंथरुणात घातलं, तर ते नेमकं या उधाणात सापडतं. ते कूस बदलतं, पाणी मागतं, गोष्ट मागतं, शी लागली म्हणतं. आई चिडते, फटका बसतो. मूल हट्टी नसतं, त्याला त्या वेळी झोप येणं जवळपास अशक्य असतं. भाच्याचंही तेच झालं होतं. घड्याळात साडेसात, शरीरात साडेसहा.

म्हणून ताईला मी पहिलं सांगितलं ते हे, की रात्रीचं भांडण सोड आणि सकाळ धर. त्याला नेहमीच्या वेळेला उठव, रात्री कितीही वाजता झोपला असला तरी. पडदे उघड, दूध बाहेर बागेत बसून प्यायला दे, चालत शाळेत ने. संध्याकाळी उलट कर. त्यांच्याकडे मार्चअखेरीस घड्याळ बदललं की सूर्यास्त एकदम साडेसातच्या आसपास जातो, जूनमध्ये तर सव्वानऊ उलटून जातात. बाहेर लख्ख ऊन असताना "रात्र झाली" म्हटलेलं कोणतं पोर ऐकेल? तेव्हा सहा-साडेसहापासून जाड पडदे, मंद दिवा, आणि कामाचा क्रम तोच. जेवण, अंघोळ, गोष्ट, झोप. क्रम लहान मुलांना घड्याळापेक्षा चांगला कळतो.

पुढच्या वर्षी तिने आधीच सुरुवात केली. शनिवारी रात्री घड्याळ बदलणार, तर बुधवारपासून रोज १५ मिनिटं. बुधवारी सव्वासातला निजवलं, गुरुवारी सातला, शुक्रवारी पावणेसातला, शनिवारी साडेसहाला. सकाळचं उठणं, जेवण आणि दुपारची झोपही त्याच हिशेबाने अलीकडे आणली. रविवारी घड्याळात साडेसात वाजले आणि पोराच्या शरीरातही झोपेचीच वेळ झाली होती. मधल्या दिवसांत कामावरून यायला उशीर होऊन एखादा दिवस चुकला, तर तो सोमवारी भरून काढता येतो. निम्मं आधी आणि निम्मं नंतर केलं तरी चालतं. फक्त जेवण जुन्या वेळेला आणि झोप नव्या वेळेला असं करू नये, पोटाचंही एक घड्याळ असतं.

आता आपल्याकडचं. इथे खरी अडचण सकाळच्या उजेडाचीच आहे. मार्चअखेरीस आमच्याकडे सूर्य साडेसहानंतर उगवतो आणि साडेसातच्या शाळेसाठी पोराला सहाला उठवावं लागतं. म्हणजे अंधारात. नुसती हाक मारून उपयोग होत नाही. आधी खोलीतला दिवा लावा, खिडकी उघडा, तोंडावर पाणी मारू द्या. उजाडलं की त्याला पडवीत किंवा अंगणात काढा, चहा-चपाती तिथेच खाऊ दे. शाळेत चालत जाणाऱ्या पोरांना हा उजेड आपोआप मिळतो, गाडीवर डोळे मिटून बसलेल्यांना कमी. मी स्वतः आता पहिले पंधरा मिनिटं पोरांना मैदानात घेते, गाणी तिथेच म्हणतो. वर्गात पेंगणारे त्याने कमी झाले.

राज्य सरकारने २०२४ साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, तो मुलांची झोप अपुरी होते म्हणूनच. निर्णय योग्यच आहे. पण एप्रिलमधला पत्र्याखालचा वर्ग बाराला कसा तापतो हे मी जाणते, त्यामुळे उन्हाळ्यात सकाळची शाळा टळत नाही. मग निदान ती एका दिवसात पोरांवर आदळू नये, एवढं तर आपल्या हातात आहे. तारीख आधी कळलेली असते. चार-पाच दिवस आधीपासून १५-१५ मिनिटं उठणं अलीकडे आणा.

सगळ्यात मोठी चूक दुपारी होते. सकाळच्या शाळेतून पोर बाराला घरी येतं, उन्हाने लाल झालेलं. मऊभात किंवा आमटी-भात पोटात गेला की पंख्याखाली आडवं. आई म्हणते, पहाटे उठलंय बिचारं, झोपू दे. आणि ते साडेचार-पाचपर्यंत झोपतं. साठा सगळा उतरला, आता रात्री अकरापर्यंत डोळा लागणार नाही, सकाळी पुन्हा तीच रड. दुपारची झोप बंद करा असं मी मुळीच म्हणणार नाही, आपल्या हवेत ती हवीच. पण सहा-सात वर्षांच्या मुलाला पाऊण ते एक तास पुरे, आणि तीन वाजेपर्यंत उठवावं. माझ्या लेकीला उठवताना मी आधी पंखा बंद करते, मग ताटलीत कलिंगडाच्या फोडी आणून उशाशी ठेवते. पाच मिनिटांत स्वतः उठून बसते. अंगणवाडीच्या वयाच्या मुलांना अर्थात याहून जास्त लागते.

रात्रीचा दुसरा अडथळा उकाडा. झोप लागण्यासाठी शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावर दमट हवेत घाम वाळत नाही, चिऱ्याच्या भिंती दिवसभर तापलेल्या असतात आणि रात्री उष्णता सोडत राहतात. झोपेच्या तासभर आधी कोमट पाण्याची अंघोळ घाला, गार नको. कोमट पाण्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात आणि आतली उष्णता बाहेर पडते. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडायची आपली रीतही उगाच नव्हती.

तिसरा अडथळा फोन आणि टीव्ही. इथे मला आपल्याच घराबद्दल बोलायला हवं. आई ताईच्या मुलाला बघायला आसुसलेली असते, आणि पूर्वी ते व्हिडिओ कॉल आपल्या रात्री नऊ-साडेनऊला व्हायचे. माझी लेकही आजीच्या मांडीवर बसून चेहऱ्यासमोर फोन धरायची. उजेड तर होताच, त्यात भावाला बघायचा आनंद. पुढे दीड तास झोप नाही. ताईकडचे नातू-आजी कॉलही एकदा तिकडच्या संध्याकाळी सातला झाले, आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. दोन्ही घरची पोरं जागी. मग आम्ही कॉल रविवारी त्यांच्या सकाळी ठेवला आणि आठवड्यातल्या मधल्या दिवशी फक्त आवाजी फोन.

किती झोप हवी हेही सांगते. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली दिलेले आकडे जगभर वापरले जातात: १ ते २ वर्षांना चोवीस तासांत ११ ते १४ तास, ३ ते ५ वर्षांना १० ते १३, ६ ते १२ वर्षांना ९ ते १२, आणि पुढे अठरापर्यंत ८ ते १०. पाच वर्षांपर्यंतच्या आकड्यांत दुपारची झोप धरलेली आहे. सहाला उठणाऱ्या दुसरीतल्या मुलाने नऊला झोपायलाच हवं, हे यावरून निघतं. मोठ्या मुलांना मात्र थोडं समजून घ्या. वयात येताना शरीराचं घड्याळ स्वतःहून उशिराकडे सरकतं, दहावीतला मुलगा रात्री जागतो तो नेहमी मोबाइलपायीच जागतो असं नाही.

आखातातून सुट्टीला येणाऱ्या मुलांचं वेगळं. कुवेत, मस्कत, दुबई इथे घड्याळ बदलत नाही, पण कुवेत आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तिथून आलेलं मूल इथे रात्री बारापर्यंत खेळतं आणि आजी म्हणते, वळण नाही लावलं. त्याला वळण आहे, त्याच्या शरीरात अजून साडेनऊच वाजलेत. तासाला साधारण एक दिवस धरा, सकाळी समुद्रावर किंवा आगरात न्या, आपोआप रुळेल.

झोपेच्या गोळ्या किंवा मेलाटोनिनच्या गोड वड्या परदेशातून कोणी पाठवल्या तरी स्वतःच्या मनाने मुलांना देऊ नका. अमेरिकेत त्या दुकानात सहज मिळतात, ब्रिटनमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. आणि मूल रोज घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, पुरेशी झोप होऊनही दिवसा पेंगत असेल, तर तो वेळेचा प्रश्न नाही, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

ऑक्टोबरमध्ये सगळं उलटं होतं. घड्याळ मागे जातं, आणि मोठ्या माणसांना तासभर जादा झोप मिळते असं म्हणतात. लहान मुलांच्या आईला ती मिळत नाही. सहाला उठणारं पोर पाचलाच "उठू?" म्हणून उशाशी उभं. त्या वेळी त्याला दूध द्यायचं नाही, दिवा लावायचा नाही, खोली अंधारीच ठेवायची, नाहीतर पाचची वेळ पक्की होते. चार दिवस आधीपासून रोज १५ मिनिटं उशिरा निजवायचं, आणि संध्याकाळी शक्य तितका वेळ बाहेर उजेडात खेळू द्यायचं. हे वल्हवणं सोपं, कारण प्रवाह त्याच दिशेचा.

नेमकी दिवाळी तेव्हाच्या आगेमागे येते. नरकचतुर्दशीला आपण पोरांना पहाटे चारला उटणं लावायला उठवतो ते एका दिवसापुरतं, त्याने काही बिघडत नाही. त्या दिवशी दुपारी जरा जास्त झोपू दिलं आणि रात्री वेळेवर निजवलं की झालं.

आईने यंदाचं कॅलेंडर आणल्यावर भिंतीला टांगायच्या आधी मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारांवर पेनाने गोल केला आणि शेजारी "ताई" लिहिलं. मग मला विचारून, त्याआधीच्या दोन्ही बुधवारांवर एकेक बारीक टिंब काढलं. त्या दिवशी सकाळी ती ताईला आठवण करते, आजपासून पाव तास.